परतीची गाडी कितीची?

मुलाणी मॅडमना कुठलीही चांगली बातमी सांगा. त्या आधी मनापासून हसायच्या, मग चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "परतीची गाडी कितीची?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. पोराला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि मी अख्ख्या कंपनीत मिरवत फिरत होतो. मॅडमनी पेढा तोंडात टाकला, पोराचं कौतुक केलं आणि वर हा प्रश्न. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, शिकायला चाललाय तो. परत कशाला येतोय?"

"ते खरं, जगतापभाऊ. पण तिथं मध्येच आजारी पडला, मन लागलं नाही, तर कुणाच्या दारात जाईल? तेवढं ठरवून ठेवा."

बाईच्या जिभेला काही हाड, असं मनात म्हणत मी घरी गेलो. पण गेल्यावर मुकाट्यानं हडपसरच्या मावसभावाचा पत्ता पोराकडून पाठ करून घेतला. आणि नेमकी दिवाळीच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. हॉस्टेलवरनं रिक्षा करून पोरगं थेट मावसभावाच्या दारात गेलं, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमची बायको मॅडमचं नाव फार आदरानं घ्यायला लागली. माझं तेवढ्या आदरानं तिनं कधी घेतलेलं नाही.

हा प्रश्न त्यांच्या जिभेवर बसला तो त्यांच्या अब्बांमुळं. माणूस लोणी भापकरचा. घरी मशीनवर लहान पोरांची झबली-टोपडी शिवायची आणि आठवडी बाजारांत नेऊन विकायची, हा धंदा. सुट्टी असली की शहनाजही, म्हणजे आमच्या मॅडम, बरोबर. एकदा मोरगावच्या बाजारात शेवटचं झबलं खपेपर्यंत अब्बा बसले आणि लोणीची शेवटची एसटी निघून गेली. मग बापलेक गाठोडं आलटूनपालटून डोक्यावर घेत चालत गावाला आले. पोरीच्या टाचा सोलवटल्या. त्यानंतर कुठल्याही बाजारात उतरले की अब्बा आधी कंडक्टरला परतीची गाडी विचारायचे, मग गाठोडं सोडायचे.

"आणि त्यानंतर झबली जास्त खपायला लागली," मॅडम सांगायच्या. "घरी जायची काळजी नसली की माणूस धंदा नीट करतो."

आमची कंपनी दुधाची. बारामतीला मोठा प्लांट आणि इंदापूरला चिलिंग सेंटर. मी डिस्पॅचला, म्हणजे दिवसभर टँकरच्या ड्रायव्हर लोकांशी भांडायचं खातं. मॅडम कंप्युटर विभागाच्या प्रमुख. पुण्यात राहून शिकलेल्या, तिथं चांगली नोकरीही लागत होती. पण अब्बांचे गुडघे गेले, दोन धाकटे भाऊ शिकत होते, म्हणून इकडं आल्या. सगळं घर त्यांच्या पगारावर चालायचं हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. त्या स्वतः कधी बोलून दाखवायच्या नाहीत.

अंगानं बुटक्या. साडी पिनांनी घट्ट टाचलेली आणि अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं. ते पेन तिथं आहे हे विसरून दिवसभर टेबलावर पेन शोधायच्या. कुणी सांगितलं की केसांतून काढून म्हणायच्या, "हे राहू द्या, हे जास्तीचं आहे."

त्यांच्या कंप्युटरच्या खोलीला एसी होता आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. नव्वदच्या त्या दशकात कंप्युटरला धुळीचं फार भय असायचं. आमचे बाळशेठ, म्हणजे कंपनीचे मालक, तेसुद्धा बूट काढून आत जायचे. एकदा मुंबईहून कुणी बडे साहेब आले आणि बूट काढायला का-कू करायला लागले. मॅडम दारात उभ्याच. शेवटी काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. सगळे छताकडं बघायला लागले. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "असू दे साहेब, हवा लागलेली बरी."

विकणारे लोक त्यांना जाम घाबरायचे. एक जण पॉवर सप्लाय विकायला आला होता. लाईट गेली तरी आमचं मशीन बंद पडणारच नाही, असं छाती ठोकून सांगत होता. मॅडमनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, "आणि पडलं तर?"

"पडणारच नाही मॅडम."

"मग नको. पडलं तर काय करायचं हे ज्याला ठावं आहे, त्याचं घेते."

एरवी बोलणं शहरी. पण हट्टाला पेटल्या किंवा इंदापूरला गेल्या की लोणीचं बोलणं आपोआप बाहेर यायचं.

इंदापूरला शिंगाडे तात्या होते. दूध उतरवायच्या धक्क्याचे मुकादम. गावोगावचे कॅन तिथं उतरायचे. तात्या झाकण उघडून वास घ्यायचे आणि वासावरनं सांगायचे, हे दूध चांगलं, हे चाललं नासायला. कंपनीनं दोन्हीकडं नवे काटे आणले, कंप्युटरला जोडलेले, वजन थेट पडद्यावर उमटणारे. तेव्हा तात्या भडकले. बारामतीला जुना काटा भंगारात गेला. इंदापूरला तात्यांनी तो काढू दिला नाही. आम्हाला वाटलं आता मॅडमचं आणि त्यांचं जुंपणार. मॅडम गेल्या, जुन्या काट्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "राहू द्या तात्या. त्याला तेलपाणी करत जा."

"मग नवा कशाला आनला बाई?"

"नवा जायला. जुना परत याया."

तात्या खूश. तेव्हापासून मॅडम इंदापूरला गेल्या की तात्या स्वतः चहा सांगायचे, आणि धक्क्यावरची माणसं म्हणायची, तात्यांनी आमाला कधी पाणी तरी पाजलं का?

आता मुख्य गोष्ट सांगतो.

कंपनी मुळात दोन चुलतभावांची. थोरल्याच्या आईचं नाव काशीबाई. कंपनीत नेटवर्क आलं, म्हणजे सगळे कंप्युटर एकमेकांना जोडले, तेव्हा त्या जाळ्याला एक नाव द्यायचं होतं. कंप्युटरवाले त्याला डोमेन म्हणतात. थोरल्यांनी आईचं नाव दिलं. रोज सकाळी मशीन चालू केलं, पासवर्ड टाकायची चौकट आली की त्यात लिहिलेलं असायचं, काशी. पुढं भावाभावांत फाटलं. थोरले आपला हिस्सा घेऊन बाहेर पडले, कंपनी बाळशेठकडं आली. पाट्या बदलल्या, पिशव्या बदलल्या, टँकरवर उत्कर्ष हे नवं नाव आलं. पडद्यावरची काशी तेवढी राहिली.

बाळशेठना ते रोज टोचायचं. दसरा जवळ आला तसं त्यांनी आम्हा खातेप्रमुखांना बोलावलं. शेजारी पुण्याहून आणलेले कन्सल्टंट बसले होते, पाटणकर म्हणून. गोरागोमटा, हसतमुख माणूस.

"दसऱ्याला पाहुणे येणार आहेत," बाळशेठ म्हणाले. "भांडून वेगळे झालो आणि अजून चुलतीच्या नावानं कुलूप उघडतोय. ते नाव पुसा. उत्कर्ष करा."

पाटणकर म्हणाले, "अर्ध्या दिवसाचं काम आहे."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. मी मनात म्हटलं, आला प्रश्न.

"शेठ, उद्या लोणीचं नाव बदललं, स्टँडवरची पाटी बदलली. पण पोस्टमनला कोण सांगणार? कंडक्टरला? सासरी गेलेल्या लेकींना? काशी हे नाव पाटीवर नाही. प्रत्येक कंप्युटरच्या पोटात आहे. एकाला जरी सांगायचं राहिलं तर ते सकाळी आपल्यालाच विचारणार, तू कोण? धक्क्यावरच्या काट्याचा प्रोग्रॅम तर त्या नावाशिवाय उठतच नाही."

"मी एकेकाला सांगेन ना," पाटणकर म्हणाले.

"चांगलं आहे. परतीची गाडी कितीची?"

पाटणकरांनी घड्याळात बघितलं. "मी स्वतःची कार आणलीय."

आम्ही सगळे हसलो. त्या बिचाऱ्याला कळेना का हसतायत. मॅडमनी समजावलं, की फसलं तर जिथं होतो तिथं परत कसं यायचं. पाटणकर म्हणाले, सगळ्याची नक्कल टेपवर, म्हणजे कॅसेटसारख्या फितीवर घेतो. मॅडमनी विचारलं, ती टेप परत वाचून बघणार का? पाटणकर म्हणाले, "मॅडम, कोरी करकरीत टेप आहे. न वाचायला काय झालं?"

बाळशेठ वैतागले. "मॅडम, प्रत्येक गोष्टीत तुमचं काहीतरी असतंच. काम पाटणकर करतील, पण विभाग तुमचा, जबाबदारी तुमची. कंप्युटरमुळं एक कॅन जरी नासला, तर खुर्ची रिकामी करायची. पाटणकरांची माणसं बसायला तयार आहेत."

मला राग आला होता, पण मालकापुढं बोलायची छाती कुणाची? डोळ्यापुढं त्यांचे अब्बा आले, गुडघ्यांवर हात ठेवून ओट्यावर बसलेले. मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला.

"बरं शेठ," त्या म्हणाल्या. "पण दिवस मी सांगणार. खंडेनवमी."

सगळे खूश. सुट्टीचा दिवस, कुणाची अडचण नाही, झालंच तर दुसऱ्या दिवशी दसरा. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्ही हो कसं म्हणालात? उद्या काही झालं तर?"

"जगतापभाऊ, खंडेनवमीला इंदापुरात तात्या असतात."

म्हटलं, ते तर रोजच असतात. बाईचं डोकं फिरलं बहुतेक.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यार पुजतात. ज्याचं जे हत्यार. शेतकऱ्याचा नांगर, ड्रायव्हरची गाडी, शिंप्याची कात्री. पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बारामतीचा प्लांट त्या दुपारी धुऊनपुसून पूजेला बसायचा आणि संध्याकाळचं सगळं दूध इंदापूरला वळवायचे, तात्यांच्या जुन्या काट्यावर. त्याची पूजा दूध आटोपल्यावर, रात्री. कंप्युटर आले तसे तेही पूजेत आले. पडद्याला झेंडूची माळ, डब्यावर हळदकुंकू.

त्या दिवशी पाटणकर पूजा आटोपताच बारामतीच्या प्लांटवर हजर. त्यांनी रुमालानं कुंकू पुसलं आणि मोठा सर्व्हर चालू केला. वॉचमननं तोंड फिरवलं. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची नावं, पासवर्ड, कुणाला कुठं जायची परवानगी, हे सांभाळणारं मुख्य मशीन. नाव बदलताना ते कुठंतरी अडलं. मग पाटणकरांनी ते पुसून कोरं केलं आणि नव्या नावानं परत मांडलं. माणसांची नावं टेपवरनं सकाळी भरू म्हणाले. मग एकेका कंप्युटरला नवं नाव सांगत फिरले, पण निम्म्याहून जास्त खोल्यांना कुलपं. लोक किल्ल्या खिशात घालून गावी गेलेले. धक्क्यावरच्या खोलीची किल्ली तर डाळज गावात, धक्क्याचा मुकादम तिकडं घरचा ट्रॅक्टर पुजायला गेला होता.

आता राहिला इंदापूरचा धाकटा सर्व्हर. मोठ्याच्या पोटात जे असेल त्याची नक्कल तो ठेवायचा. वाट दाखवायला पाटणकरांबरोबर मला धाडलं. आम्ही पोचलो तर मॅडम आधीच एसटीनं येऊन धक्क्यावर बशीत चहा ओतत बसल्या होत्या. आणि सर्व्हरच्या खोलीच्या दारात शिंगाडे तात्या, नवं धोतर, कपाळाला गुलाल.

"कुठं निगालात?" तात्या म्हणाले.

"सर्व्हरचं नाव बदलायचंय," पाटणकर म्हणाले.

"उद्या."

"अहो, आजच हवंय."

"हत्यार पुजलंय. आज हात लावायचा न्हाय."

"कंप्युटर आहे तो, तात्या. हत्यार कसलं?"

"मग रोज आमी त्याच्यावर काम करतो ते काय खेळणं हाय व्हय?"

पाटणकर मॅडमकडं वळले. "मॅडम, तुम्ही सांगा ना यांना."

मॅडमनी बशी खाली ठेवली. "मी काय सांगू? आज आमच्या घरी बी अब्बांची कात्री बंद हाय."

पाटणकरांनी बाळशेठना फोन लावला. बाळशेठ स्वतः पूजेत. मागनं त्यांच्या मातोश्रींचा आवाज मला इकडं ऐकू येत होता. बाळशेठ म्हणाले, पूजा मोडायची नाही, ते सकाळी बघा. झालं.

मी खोलीत डोकावलो. सर्व्हरला माळ, पुढं नारळ, विडा. आणि मागं बघतो तर बारामतीला जोडणारी तार काढून बाजूला ठेवलेली. मी मॅडमकडं बघितलं.

"पूजेत आहे ते," मॅडम हळूच म्हणाल्या. "आज कुणाशी बोलत नाही."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तार नाही, म्हणजे बारामतीला जे पुसलं ते इथं पुसलं जाणार नव्हतं. ह्यांची परतीची गाडी ह्यांनी हार घालून इथं उभी केली होती, आणि राखणीला तात्या. मालकानं हुकूम दिला असता तरी त्या दिवशी तिला कुणी हात लावू शकला नसता.

आता दसऱ्याच्या सकाळी बारामतीत जे झालं ते सांगतो. टेप वाचलीच जाईना. पाटणकर घालतात, काढतात, पुसतात, परत घालतात. नव्या सर्व्हरच्या पोटात एकाही माणसाचं नाव नाही. कंप्युटर चालू करावा तर तो विचारतो, तू कोण? डाळजची किल्ली आली, धक्क्यावरची खोली उघडली, तर तिथला कंप्युटर म्हणतो काशी सापडत नाही. काट्यावर कॅन ठेवला तर पडद्यावर आकडा नाही. जुना काटा केव्हाच भंगारात. आणि बाहेर कॅन भरलेल्या गाड्यांची रांग, वर दसऱ्याचं ऊन.

धक्क्यावरच्या सगळ्या माणसांना बाळशेठची अट माहीत होती. सगळे पोती भिजवून कॅनवर टाकायला लागले. लोण्याच्या खोलीतनं बर्फ आणला. एरवी माझ्याशी वाघासारखे भांडणारे ड्रायव्हर गाड्या सावलीला लावायला धावले. मी इंदापूरला फोन लावला. तात्यांनी उचलला.

"आमचं चाललंय की. हार सोडला, बटण दाबलं, काशी उठली."

मग मॅडम फोनवर आल्या, त्या रात्री तिथंच राहिल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"धक्क्यावरच्या कंप्युटरचं नाव कुणी बदललं तर नाही ना?"

"खोलीच बंद होती मॅडम."

"बरं झालं. कुणाला हात लावू देऊ नका. पोती भिजवत राहा. मी काशीला घेऊन निघाले."

"मग इंदापूरचं काय?"

मागनं तात्या ओरडले, "घिऊन जावा वो! माझा काटा हाय की!"

मग जो वेळ गेला तो देवानं वैऱ्यावर आणू नये. बाळशेठ रेशमी झब्बा घालून आले आणि रांग बघून पांढरेफटक पडले. पाटणकर पायरीवर डोकं धरून बसले. आमच्याकडचा वास घेणारा माणूस, भोसले, रांगेतनं फिरून फिरून झाकणं उघडत होता आणि दर खेपेला मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

इंदापूरची जीप आत शिरली. पुढच्या सीटवर मॅडम, मांडीवर सर्व्हर, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. माळ तशीच, कुंकू साडीला लागलेलं. चपला सुद्धा न काढता थेट एसीच्या खोलीत शिरल्या. त्या खोलीत चपला घातलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पाटणकरांना म्हणाल्या, "उठा, मदत करा." कोरा सर्व्हर तारेवरनं काढला, हा लावला, आणि धाकट्याला थोरला केलं. इतके दिवस नक्कल सांभाळणारा आता मुख्य झाला. ज्या खोल्या काल बंद राहिल्या होत्या, तिथले कंप्युटर अजून काशीलाच ओळखत होते. ते एका दमात उठले. धक्क्यावरचाही उठला. काट्याच्या पडद्यावर आकडा उमटला आणि सगळ्या धक्क्यानं एकदम श्वास सोडला.

मग कॅन चढायला लागले. भोसले प्रत्येक झाकणात नाक घालायचा आणि म्हणायचा, "चांगलंय." मॅडम काट्याशेजारी उभ्या होत्या, पदर पिळत. शेवटचा कॅन रांगेच्या टोकाचा, उन्हातला. भोसल्यानं वास घेतला. थांबला. परत घेतला.

"हेबी चांगलंय," भोसले म्हणाला.

मला रडू आलं. उगीच खोटं कशाला सांगू? भिंतीकडं तोंड करून चांगला रडलो. वळून बघतो तर मॅडम कॅनवर बसून हसत होत्या आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

बाळशेठनी पडद्यावरचं काशी हे नाव वाचलं. मग खिशातली आपट्याची पानं काढली आणि सगळ्यांत आधी मॅडमच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या मॅडम."

"आणि खुर्ची?"

"बसा हो बसा. आता लाजवू नका."

मॅडमनी पहिला चहा पाटणकरांना दिला. तो माणूस मनानं चांगला होता. जाताना म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी मी आधी तुम्हाला परतीची गाडी विचारेन." त्यानं ते पाळलं, असं पुढं कानावर आलं.

नाव पुढं बदललंच. पण मॅडमच्या पद्धतीनं. त्यांनी जुन्या नेटवर्कशेजारी नवं, वेगळं नेटवर्क उभं केलं. मग महिनोन्‌महिने एकेका टेबलाशी जाऊन, चहा पिऊन, एकेक कंप्युटर तिकडं नेला. प्रत्येकाला सांगायच्या, "नाही जमलं तर जुनं दार उघडंच आहे." कुणालाही परत यावं लागलं नाही. बाळशेठच्या तर एके दिवशी अचानक लक्षात आलं की पडद्यावर उत्कर्ष येतंय. काशी इंदापूरला गेली, बंद करून, झाकून. तात्या दर खंडेनवमीला तिला हार घालायचे.

नव्वदचं दशक सरता सरता मॅडमना पुण्याहून बोलावणं आलं. मोठी कंपनी, मोठं पद. धाकट्या दोघांतला मोठा भाऊ तिथंच नोकरीला लागला होता, अब्बांच्या गुडघ्यांचं ऑपरेशनही तिथंच होणार होतं. बाळशेठनी निरोपाला भाषण केलं, त्यात रडले. नाही म्हटलं तरी माणूस वाईट नव्हता.

बारामतीच्या स्टँडवर मी पोचवायला गेलो. अब्बा आधीच खिडकीशी बसलेले. मॅडम सामान वर चढवत होत्या, अंबाड्यात पेन होतंच. एवढ्यात गर्दीतनं वाट काढत तात्या आले, इंदापूरहून, हातात दुधाचा लहान कॅन. झाकण उघडून आधी स्वतः वास घेतला, मग मॅडमपुढं धरला.

"घ्या बाई. बघून घ्या. तुमच्या राज्यात एक बी नासला न्हाय."

मॅडमनी वाकून तात्यांच्या पायाला हात लावला. तात्या घाबरून मागं सरले आणि एका पोत्यावर आपटले. मग सगळेच हसलो.

गाडीनं हॉर्न दिला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ह्या तोंडाला भांडणाशिवाय काही सुचत नाही. म्हणून त्यांचाच प्रश्न विचारला.

"मॅडम, परतीची गाडी कितीची?"

त्यांनी कपाळाला हात मारला. आतनं अब्बाही दचकून बघायला लागले. "अगं बाई! गडबडीत विचारायचीच राहिली. जगतापभाऊ, तेवढी तुम्ही विचारून ठेवा!"

गाडी फाटकातनं बाहेर पडली. खिडकीतनं हात हलत होता. मी तसाच वळलो आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन पुण्याहून बारामतीला येणारी शेवटची गाडी विचारली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मॅडम तिकडं रमल्या, ईदेला फोन येतो. इकडं वेळापत्रक कितीदा बदललं. स्टँडवर गेलो की मी त्या खिडकीशी थांबतोच. तिथला माणूस मला ओळखतो, वैतागतो. परवा म्हणाला, "आबा, दर खेपेला इचारताय. पुण्याहून कोण येणार हाय का?"

"येणार कुणी न्हाय," म्हटलं. "पण गाडी ठावी असलेली बरी."